एक वर्ष पुढची गाडी

मापाडीला बारा दिवसांच्या आत स्वतःची गाडी हवी होती, आणि ती वहिनीच्या गाडीपेक्षा एक वर्ष तरी नवी हवी होती. पहिली गरज कचेरीची होती. दुसरी तिने कुणालाच सांगितली नव्हती.

काम साधं होतं. डोंगरातल्या एक्केचाळीस झऱ्यांखाली दर आठवड्याला बादली धरायची, ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. म्हणून तर घरात तिचं नाव मापाडी पडलं होतं. तीन वर्षं ती भाड्याच्या जीपने फिरली. मग जीपवाला काम सोडून गेला आणि कचेरीने कळवलं, या हंगामात चारही चाकं ओढणारी स्वतःची गाडी असेल तर काम तुमचं, नाहीतर दुसऱ्याचं. आपले झरे दुसऱ्या कुणाच्या वहीत जाणं तिला मान्य नव्हतं.

आणि वहिनी. थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातांना ग्रीसचा वास यायचा. बाबा नाक मुरडतील, असं मापाडीला वाटलं होतं. झालं उलटंच. वर्षभरात वहिनीने गल्लीच्या टोकाला गॅरेज काढलं आणि आज पाच वर्षांची झालेली पिकअप त्याच्या दारात आणून उभी केली. आता पाहुणे आले की बाबा त्यांना आधी ती पिकअप दाखवत, आणि वेळ उरलाच तर मुलीने काढलेले झऱ्यांचे आलेख. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मापाडी रोज एकदा तरी मनात म्हणे.

पठारापलीकडच्या बंद दगडखाणीत त्याच मॉडेलच्या दोन पिकअप विकायला होत्या. एक सात वर्षांची, तपकिरी. दुसरी चार वर्षांची, पांढरी. पांढरी दुप्पट पळालेली होती, त्यामुळे किंमत जवळजवळ सारखीच. खाण सांभाळणारा म्हातारा मुकादम फोनवर म्हणाला, "दोन्ही चालवत खाली तुमच्या गावापर्यंत न्या. जी आवडेल ती ठेवा, दुसरी मी परत आणतो. पण परवापर्यंत या. आणखी एकजण वाटेवर आहे."

गाड्यांमधलं कळणारं माणूस घरात एकच होतं. नाइलाज होता.

"वहिनी, येशील का गं?"

"येते की. माझी गाडी कामात आहे, खाणीकडे पाण्याचा टँकर जातो, त्यातून जाऊ."

उजाडताना त्या टँकरमध्ये बसल्या. रस्ता वर चढत गेला, झाडं ठेंगणी होत होत संपली आणि पुढे फक्त पठार उरलं. पिवळं वाळलं गवत, मधूनमधून काळे कातळ, आणि वारा असा की टँकरचं दार उघडायला खांदा लावावा लागे. खाण सहा किलोमीटरवर असताना रस्त्यावर दरड पडलेली दिसली. टँकर मागे फिरला. दोघी पाठीवर पिशव्या टाकून चालू लागल्या. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी, आणि वाट एका माणसापुरती. दोनदा मापाडीच्या पायाखालचे दगड निसटून खाली गेले. ते तळाला पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"किती सेकंद लागले?" वहिनीने विचारलं.

"साडेचार," मापाडी म्हणाली आणि मग तिला राग आला, कारण ती खरंच मोजत होती.

कड्याच्या आडोशाला बसल्यावर तिने वही काढली. त्या मॉडेलचं प्रत्येक साल एका रकान्यात होतं. कुठल्या साली इंजिन बदललं, कधी चारही चाकं जोडणारा गिअरशेजारचा दांडा जाऊन गोल बटण आलं, कधी डॅशबोर्डवर पडदा, कधी जास्तीच्या एअरबॅग. सुधारणेला एक बरोबरची खूण. चार वर्षांच्या गाडीला अकरा खुणा होत्या, सात वर्षांच्या गाडीला सहा. वहिनीच्या सालाला दहा.

वहिनीने वही नीट वाचली. "छान केलंयस. तुझ्या फेरीत तासाला किती किलोमीटर होतात?"

"बारा. फार तर चौदा."

"मग तुला सात वर्षांची बरी."

मापाडीच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. "का म्हणून?"

"पाच वर्षांपूर्वी धुराच्या नळीत जाळी आली. तू इथे लिहिलंयस, 'धूर स्वच्छ'. काजळी त्या जाळीत अडकते. गाडी लांब पल्ल्याला जोरात पळाली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. बारा-चौदाने चालली तर नुसती साचत राहते. मग इंजिन स्वतःच ताकद कमी करतं."

"तुझ्या गाडीलाही जाळी आहे ना? ती बरी चालते?"

वहिनी बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती. "माझी रस्त्यावरच असते," ती म्हणाली.

असं आहे तर, मापाडीने मनात म्हटलं. तीच जाळी हिच्या दारात चालते, माझ्या दारात चालत नाही. 'माझ्यापेक्षा नवी गाडी घरासमोर नको', एवढं सरळ बोलायला हिला काय होतं?

मुकादम खाणीच्या फाटकाशी उभा होता. अंगाने काटकुळा, डोक्याला मफलर. "पोरींनो, चालत आलात? त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने दरड बघून फोन केला, म्हणाला, गाडी घरी आणून द्या. मी म्हटलं, नवरी हवी तर नवरदेवालाच दारी यावं लागतं."

वहिनीने कागदपत्रांना हात लावला नाही. तिची पद्धत वेगळी होती. तिने आधी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली, मग सीटचा पट्टा पूर्ण ओढून त्याच्या मुळाशी शिवलेली चिठ्ठी, मग टायरच्या कडेवरचे आकडे. "काच, पट्टा, टायर एका सालातले निघाले की गाडी आपलं वय खरं सांगतेय असं समजायचं. कागदावर कुणीही लिहितं." तपकिरीच्या सगळ्या खुणा सात वर्षांपूर्वीच्या होत्या. पांढरीच्या चार. दोन्ही गाड्या सच्च्या होत्या. वहिनीने गाडीखाली आडवं होऊन सांगाडा ठोकून पाहिला. गंज कुठेच नव्हता.

मापाडीने पांढरीचं दार उघडलं. आत मऊ अंधार, चमकता पडदा, हाताला गार लागणारं गोल बटण. बाबा पाहुण्यांना दाराशी घेऊन आलेत आणि आधी हिच्याकडे बोट दाखवतायत, असं तिला दिसलं. आणि गल्लीच्या टोकाला एक वर्ष मागची गाडी, एकटी.

"मी ही चालवते," ती म्हणाली.

उताराचा रस्ता खाणीच्या दुसऱ्या बाजूने होता. पुढे पांढरी, मागे तपकिरी, तिच्यात स्टिअरिंगवर मुकादम आणि शेजारी वहिनी. रस्ता कसला, ट्रकांनी कधीकाळी घासून काढलेली दगडांची उतरंड! एकेका वळणावर थांबून, मागे घेऊन, पुन्हा पुढे. सगळा प्रवास सर्वांत खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. पांढरी सुरेख उतरत होती. एका ठिकाणी मागचं चाक अधांतरी झालं, पण पडद्यावर एक चित्र चमकलं आणि गाडीने स्वतःच स्वतःला सावरलं. मापाडी हसली.

तासाभराने स्टिअरिंगमागे एक नारिंगी दिवा लागला.

तिला तो लगेच ओळखू आला. नळी आणि तिच्यात ठिपके, पुस्तिकेत असतं तसंच चित्र. थांबायला हवं होतं. मागे हात करून सांगायला हवं होतं. पण मग वहिनी गाडीतून उतरली असती, दिवा बघितला असता आणि काहीच बोलली नसती. ते न बोलणं मापाडीला सहन झालं नसतं. तीन वर्षांत तिने एकही नोंद खोडली नव्हती. झरा आटला तरी शून्य लिहिलं होतं. आता तिने वही उचलली आणि दिव्यासमोर टेकवून ठेवली.

दुपार कलताना त्या खाली नदीपात्राशी आल्या. पात्र कोरडं होतं, दोनशे पावलं रुंद, आणि सगळी बारीक भुसभुशीत वाळू. डोक्यावर आकाश स्वच्छ होतं. पण वरच्या अंगाला, फार लांब, डोंगरांवर निळंकाळं काहीतरी बसलेलं होतं.

मुकादम गाडीतून उतरून तिकडे बघत राहिला. "इथे रेंगाळू नका. वर पाऊस कोसळला की इथे तासाभरात पाणी येतं."

दोघींनी चाकांमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरट होतात आणि वाळूत कमी रुततात. "थांबू नकोस, गिअर बदलू नकोस," वहिनी म्हणाली.

"माहितीये मला."

पांढरी वाळूत शिरली. पहिली शंभर पावलं सरळ गेली. मग पलीकडचा काठ वीसेक पावलांवर आला. मापाडीने पायाखालचं पेडल आणखी दाबलं आणि काहीच झालं नाही. इंजिनाचा आवाज वाढायच्या ऐवजी बसला. वही घसरून खाली पडली. तिच्यामागे आता एक नाही, दोन दिवे होते. दुसरा लाल. गाडी कण्हली, हळू झाली, थांबली. तिने पुन्हा दाबलं. चाकं जागच्या जागी फिरली. वाळू उडाली. गाडी पोटावर बसली!

मग तो आवाज आला. आधी वाटलं वारा असेल. वारा नव्हता.

वरच्या वळणावरून एक तपकिरी रेघ येत होती. तिच्या पुढे काटक्या, फेस, एक अख्खं झुडूप लोळत येत होतं. रेघ गुडघ्याएवढी उंच होती आणि पात्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती.

"बाहेर ये!" वहिनी ओरडली.

मापाडीने दार ढकललं. पाणी दारावर आदळलं. दार परत मिटलं. तिने खांदा लावला. उघडलं. गार पाणी, मांडीपर्यंत. तिने आरसा धरला, सुटला, मागचा फाळका धरला. पायाखालची वाळू खरोखरच सरकत होती.

तपकिरी तिला वळसा घालून पुढे गेली आणि पलीकडच्या खडकाळ काठावर चढून थांबली. वहिनीने ओढायच्या लांब पट्ट्याचं एक टोक तपकिरीच्या मागच्या आकड्यात अडकवलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि पाण्यात उतरली. एकदा आडवी झाली. दिसेनाशी झाली. पट्टा ताणला गेला आणि ती पुन्हा वर आली, खोकत.

"पुढचा आकडा कुठंय?"

"बंपरखाली, डावीकडे!"

दोघी एकदम पाण्याखाली चाचपडू लागल्या. मापाडीची बोटं लोखंडाला लागली. पट्टा अडकला. मुकादमाने गिअरशेजारचा जुना दांडा मागे ओढला, त्याचा खटका इथपर्यंत ऐकू आला. तपकिरी झटका न देता हळूहळू ताणू लागली. पट्टा गुणगुणला. काही हललं नाही. दोघी बॉनेटला धरून लोंबकळत होत्या. पाणी कमरेला आलं. मग पांढरीच्या पोटाखालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि ती हलली. वीतभर. हातभर. मग सलग, बैलाच्या चालीने, थेट काठावर!

तिघंही तपकिरीच्या गरम बॉनेटला टेकून उभी होती. समोरून पाणी जात होतं.

"दिवा लागला नव्हता का गं?" शेवटी वहिनीने विचारलं.

मापाडीने खोटं बोलायचा विचार केला. तेवढं त्राण उरलं नव्हतं. "दोन तासांपूर्वी लागला. मी त्याच्यापुढे वही ठेवली."

मुकादम तोंड फिरवून पट्टा गुंडाळायला लागला.

वहिनी ओल्या केसांतून वाळू काढत राहिली. मग म्हणाली, "माझी गाडी कामात नाहीये. गॅरेजमध्ये उघडून पडलीये. जाळी तुंबून. तिसऱ्यांदा."

"पण तू तर म्हणालीस रस्त्यावर..."

"गल्लीतल्या गल्लीत सुट्या भागांच्या दुकानापर्यंत जाते ती. कुठे पळणार? पण गॅरेजवाल्या बाईने नणंदेला कसं सांगायचं, की मीच चुकीचं साल घेऊन बसले? आणि बाबा ती सगळ्यांना दाखवत सुटलेत." ती थांबली. "आणि हेही सांगते. तुला तपकिरी घे म्हणाले ते खरंच होतं. पण माझ्याहून नवी तुझ्या दारात नको, असंही वाटलं होतं. तुझी डोंगरात लोक वाट बघत असतात. माझ्याकडे फक्त बिघडलेल्या गाड्याच येतात."

मापाडीला काय वाटायला हवं ते कळेना. राग शोधला, तो सापडला, पण पूर्वीएवढा नव्हता. तिने ओल्या वहीचं पान उलगडलं. शाई पसरली होती तरी रकाने दिसत होते. तिने अगदी शेवटी एक ओळ आखली, "फेरीचा वेग", आणि तिच्यापुढे पांढरीच्या रकान्यात फुली मारली. वहिनीच्या सालाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिथे तिने काही लिहिलं नाही.

"मुकादम," ती म्हणाली, "तपकिरी मी ठेवते."

"बरं झालं," मुकादम म्हणाला. "ही पांढरी त्या घरपोच मागणाऱ्याला देतो. तो सपाटीवरच राहतो, भरधाव पळवेल. जाळीचं तेवढं सांगून टाकीन."

पाणी ओसरून पांढरी पुन्हा सुरू व्हायला दुसरी सकाळ उजाडली. ती कण्हत कण्हत मागून येत होती, मुकादमाच्या हाती. मापाडी तपकिरी चालवत होती. शेवटच्या चढाला तिने दांडा मागे ओढला. खट्‌. गाडी दगडांवर पाऊल ठेवत चढायला लागली.

बराच वेळ वहिनी त्या दांड्याकडे बघत होती. मग तिच्या हाताकडे. मग पुन्हा दांड्याकडे.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "वरच्या वळणानंतर थोडी मला देशील?"

ती नजर मापाडीला ओळखीची होती. तीन वर्षं तिने ती रोज स्वतःच्या आरशात पाहिली होती. आता तीच नजर पहिल्यांदा तिच्याकडे लागली होती, आणि ती इतकी गोड असेल अशी तिला कल्पना नव्हती.

"बघू," ती म्हणाली.

वळण आलं. तिने ते जाऊ दिलं. दुसरंही जाऊ दिलं. तिसऱ्याला गाडी कडेला घेतली, उतरली आणि पलीकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "आणि पाचशे मीटरच. मी मोजतेय."