मागची रांग

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या सासऱ्यांचं, श्रीपादरावांचं, वर्कशॉप होतं. सांगलीहून बदली होऊन आले, नोकरी सोडली, एक लेथ घेतला आणि इथेच राहिले. माझा नवरा यतीन त्यांच्याच हाताखाली शिकला. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. पुराव्याशिवाय चहासुद्धा पीत नाही, अशी घरात माझी ख्याती.

उदारीकरण आलं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची मागणी वाढली. शेजारची शेड घेऊन मधली भिंत पाडली, तेव्हा यतीनला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग वर्कशॉप आपलं आपणच वाढू लागलं. एकदा मागच्या टोकाला नवं मिलिंग मशीन दिसलं. मला वाटलं यतीनने आणलं. त्याला वाटलं बाबांनी. बाबा म्हणाले, "घरात आलेल्या लक्ष्मीला पत्ता विचारू नये." पुढे त्या मशीनमागे अख्खी रांग दिसू लागली. बाहेरून शेड होती तेवढीच. मागे दुसऱ्या कारखान्याची भिंत, तिच्यावर बोगनवेल. आत मात्र चालत राहावं, पत्र्यातून मऊ पिवळा उजेड झिरपत राहावा आणि पाय दुखू नयेत. प्रत्येक ऑर्डर वेळेआधी तयार असायची.

यतीन तिकडेच रमला. जेवायला हाक मारली की "आलो" फार दुरून यायचं. ताटावर बसला तरी त्याची बोटं हवेत काहीतरी फिरवत असायची.

"मागे जाऊ नकोस रे," मी म्हटलं.

"तिथे किती शांत वाटतं, यार," तो म्हणाला, आणि वरणभात तसाच ठेवून उठला.

भरभराट गेली चुलीत. मला माझा नवरा हवा होता.

खंडेनवमीला तो सकाळीच मागे गेला आणि आलाच नाही. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांना हळदकुंकू लावून झेंडू वाहतात. पुजलेलं यंत्र दसरा उजाडेपर्यंत चालवत नाहीत. पुढची सगळी मशीनं पुजून झाली होती, गप्प होती. मागून मात्र घरघर येत होती.

"सूनबाई, तीही पुजून ये," बाबा म्हणाले. "थांबतील. मग येईल तो."

मी तबक घेऊन निघाले. पहिल्या मशीनला कुंकू लावलं आणि ते थांबलं. बटणाला कुणी हात लावला नव्हता. दुसरंही थांबलं. मला घाम फुटला, पण आशाही वाटली. मी पुढे जात होते तशी एकेक रांग शांत होत होती, यंत्रं थंड ठेवणाऱ्या कूलंटचा ओलसर वास तेवढा दाटत होता. वळून पाहिलं तर दार दिसेना. नुसता पिवळा उजेड.

सगळ्यात शेवटच्या लेथवर यतीन होता.

मी लेथला कुंकू लावलं. घरघर संपली.

त्याने मान वर केली. किती दिवसांनी त्याने मला नीट पाहिलं! मला रडूच कोसळलं.

"दमलीस ना?" तो म्हणाला. "चल, घरी जाऊ."

तो माझ्याकडे यायला निघाला. त्या आनंदात माझा हात तबकात गेला आणि मी त्याच्या कपाळाला टिळा लावला.

तो थांबला.

डोळे माझ्याकडेच होते. मागच्या पायाची टाच जमिनीपासून बोटभर वर होती.