खालच्या फाटकापाशी अंथरलेला कोट

नवस मी आयुष्यात पुष्कळ केले, डेलिया. लेकाला गोवर झाला तेव्हा, पाऊस लांबला आणि मका उभा वाळायला लागला तेव्हा, माझ्या नवऱ्याच्या, वेंडेलच्या, छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा. बहुतेक सगळे फेडले. एखाददुसरा राहिला असेल, तर देवाने माझ्याकडे बघून सोडून दिला असेल. पण एक नवस असा आहे की तो दरवर्षी फेडायचा असतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की रोज दिवस मावळायच्या आत खालच्या फाटकापाशी अंगावरचा एक कोट जमिनीवर अंथरायचा, आणि सकाळी त्याला ऊन लागेपर्यंत उचलायचा नाही. तीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही. यंदा चुकली. एक नव्हे, लागोपाठ अकरा. मी खुबा मोडून दवाखान्यात पडले होते.

ती कागदी पिशवी मांडीवरून खाली ठेव बाई. उघडू नकोस अजून. काल तुझ्या नवऱ्याने, टॉबिनने, फाटकाशी पडलेला कोट उचलून आणला आणि तो कुणाचा, एवढंच विचारायला तू आलीस, हे मला कळलं. सांगते. कॉफी घे. वसंतात ती ओढ्याकडची जमीन फाटकासकट तुम्हाला विकली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाटलं, आपण आहोत तोवर आपणच करू, नव्या संसाराला कशाला भेडसवा.

तीस वर्षांपूर्वी ओढ्याच्या पलीकडे ओकली गॉल्डिंग राहायचा. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, आयव्हली, आणि सात शिकारी कुत्री. कुत्री रानात सोडायची, ती हरणाचा माग काढत पळणार, माणसं रस्त्याकडेला बंदुका घेऊन उभी राहणार. त्याच्या आज्यापासून हेच चाललेलं. हरणाला कुंपण कळत नाही आणि हरणामागच्या कुत्र्यालाही. आणि आमच्या व्हर्जिनियात कायदा असा, की कुत्रं दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं तर मालकाने बंदूक बाहेर ठेवून त्याला आणायला खुशाल आत जावं, विचारायचीही गरज नाही.

माझ्या वेंडेलला हे सोसायचं नाही. तो वाईट नव्हता गं. आदल्या वर्षी कुत्र्यांनी आमच्या कालवडी उधळल्या, एक तारांत अडकली, तिचा पाय मोडला. वेंडेलने तिला आपल्या हाताने गोळी घातली, आणि त्या दिवशी तो जेवला नाही. मग त्याने झाडाझाडावर पिवळ्या पाट्या ठोकल्या: आत येऊ नये.

"ओकली, तुझ्या कुत्र्यांना वाचता येत नाही का?" तो फाटकावर उभा राहून ओरडायचा.

"शाळेत घातली होती रे," ओकली म्हणायचा. "मास्तरांना चावली, काढून टाकलं."

"एक दिवस कायमची काढून टाकीन मी."

"तेवढं नको म्हणू. हे बघ, हात रिकामे. दोरी आहे नुसती. इडेलबाई, सांगा ना तुमच्या नवऱ्याला, दोन मिनिटांत जातो आणि येतो."

मग तो ओठ आवळून दोनदा शीळ घालायचा, एक वरची, एक खालची, आणि झुडपांतून रूथी धावत यायची. पांढरी, एक कान काळा. बाकीची सहा नुसती कुत्री होती, रूथी त्याची सावली होती. ती आली की तो तिला आपल्या कोटाच्या एका बाजूखाली घ्यायचा. तपकिरी कापडाचा कोट, आत लाल लोकर. वरून तिसरं बटण तुटलेलं, त्या जागी त्याने कुत्र्याच्या साखळीचा पितळी आकडा शिवला होता. तो चालला की आकडा किणकिणायचा.

नोव्हेंबरातला एक शनिवार होता. संध्याकाळी मी टपाल आणायला फाटकाशी गेले. पेटीत बियाण्यांचं पुस्तक आणि वेंडेलच्या भावाचं पत्र. परतताना पाहिलं तर फाटकाच्या खांबाशी, रस्त्याच्या आमच्या बाजूला, ओकलीचा कोट अंथरलेला. लाल अस्तर वर. रूथी शिकारीतून परतली नव्हती. शिकारी असंच करतात. अंधार पडला आणि कुत्रं सापडलं नाही, की जिथून सोडलं तिथे अंगातला कोट काढून ठेवतात आणि घरी जातात. कुत्रं रात्री कधीतरी माग काढत परत येतं, धन्याच्या वासावर अंग टाकतं आणि सकाळपर्यंत हलत नाही. तेव्हा कुत्र्यांच्या गळ्यात ती कुठे आहेत ते दाखवणारी आताची यंत्रं नव्हती. कोटच काय तो.

जेवताना मी वेंडेलला बोलून गेले. का बोलले, देव जाणे. तो उठला, ताटातलं तसंच टाकून गेला आणि कोट घेऊन आला.

"माझ्या फाटकावर हक्क सांगतोय," तो म्हणाला. "उद्या घर मांडेल तिथे."

त्याने तो गोठ्यात खिळ्याला टांगला. मी म्हटलं, "वेंडेल, कुत्री बिचारी..." तो म्हणाला, "कालवडही बिचारीच होती." मी गप्प बसले. भांडी घासली. प्रार्थना म्हणून निजले, डेलिया, आणि झोप लागली मला.

तेव्हा रविवारी शिकार बंद असायची. आम्ही चर्चला निघालो तर फाटकाशी ओकली उभा, नुसत्या सदऱ्यात, हात काखेत दाबून. आभाळ शिशासारखं झालं होतं.

"इडेलबाई, इथे कोट होता माझा. पाहिलात का?"

मी वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल समोर रस्त्याकडे बघत होता.

"रस्त्यावर टाकलेलं कोणीही उचलतं," तो म्हणाला.

"कोटाचं जाऊ दे रे," ओकली म्हणाला. "ती येऊन गेली. ही बघ पावलं, इथे गोल गोल फिरलीय. कोट नाही म्हणून परत आत गेली असणार. आणतो मी तिला."

आणि तो हातात दोरी घेऊन आमच्या रानात शिरला. मला तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, गाडी पुढे सरकेपर्यंत. मी मनात म्हटलं, चर्चहून आल्यावर सांगू. त्या दिवशी प्रवचन लांबलं. बाहेर पडलो तेव्हा गारठलेला पाऊस लागला होता, पडेल तिथे काच होणारा. फाटकाशी ओकलीची गाडी तशीच, तिच्यावर बर्फाचा पापुद्रा.

मंगळवारी तो सापडला. ओढ्याकाठच्या दलदलीत, एका पोकळ झाडाला टेकून बसलेला, दोरी मांडीवर. रूथी सापडली नाही. ना जिवंत, ना मेलेली.

कोट मी आयव्हलीला नेऊन दिला. कुठे होता तेही सांगितलं, खोटं बोलवेना. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्याला थंडी फार बाधायची." शवपेटी बंद करायच्या आधी तिने तो कोट त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढला. मी तिथे उभी होते. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर मातीआड गेला. हे लक्षात ठेव.

पुरून आलो त्या संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, रूथी रानात ओरडली.

शिकारी कुत्र्याला माग लागला की ते घाईघाईने भुंकतं, एकावर एक. हे तसं नव्हतं. एक लांब हेल... मग थांबणं. जणू काही विचारून उत्तराची वाट बघत होती. मग पुन्हा तोच हेल, थोडा पुढून. रोज त्याच वेळी. रोज थोडा जवळून. आणि सकाळी गोठ्यात, त्या रिकाम्या खिळ्याखाली, पेंढ्यात एक गोल खड्डा पडलेला असायचा, कुणीतरी अंग मुडपून बसल्यासारखा. ओल्या केसांचा वास यायचा. गोठ्याला बाहेरून कडी असायची.

"उंदीर असतील," वेंडेल म्हणाला.

"उंदीर एवढे?"

तो मुठीत पेंढा घेऊन बसला. त्याच्या बोटांना पांढरे केस चिकटले होते.

नवव्या दिवशी हेल ऐकू आला तसा तो उठला. रेनकोट चढवला, कंदील घेतला, दोरी घेतली.

"तिला धरतो आणि आयव्हलीकडे नेऊन देतो," तो म्हणाला. "मग थांबेल."

"वेंडेल, ते कुत्रं आहे का... तुला खात्री आहे?"

"इडेल, मला काहीतरी करू दे."

बंदूक त्याने भिंतीवरच ठेवली. हात रिकामे ठेवून गेला.

अंधार झाला. तो आला नाही. बर्फाने तारा तुटल्या होत्या, फोन मुका. मी फाटकापर्यंत गेले आणि कान दिला. आधी कुत्रीचा हेल, फार आतून. मग वेंडेलचा आवाज, तिला हाक मारणारा, तोही आत आत जाणारा. आणि मग, त्या दोघांच्याही मागून... शीळ. एक वरची, एक खालची.

मी धावत घरी आले. आरडाओरडा करून कोण ऐकणार होतं? दाराशी वेंडेलचा गोठ्यातला जुना कोट लटकत होता. गाईंचा, तंबाखूचा, त्याच्या घामाचा वास मारणारा. दर आठवड्याला मी तो धुवायला मागायची आणि तो द्यायचा नाही. तो घेऊन फाटकाशी गेले, ज्या जागी ओकलीने ठेवला होता त्याच जागी अंथरला, आणि चिखलात गुडघे टेकले. म्हटलं, देवा, आम्ही एकाची वाट बुजवली. मी गप्प बसले म्हणून बुजली. माझा माणूस घरी आण. मी जिवंत आहे तोवर या हंगामात रोज संध्याकाळी इथे कोट अंथरीन, जो कुणी चुकला असेल त्याच्यासाठी. आणि सकाळी ऊन लागल्याशिवाय उचलणार नाही. कधीच नाही.

उजाडताना गेले तर वेंडेल कोटावर झोपलेला. अंग मुडपून, नाक कॉलरात खुपसून, अनवाणी. जिवंत. त्याच्या पाठीशी कोटावर दुसरा एक खड्डा होता, लहान. मी हात ठेवला. ऊब होती.

त्याला चुलीपाशी बसवून दूध पाजलं. दुपारी तो म्हणाला, "ती पुढे होती. तिच्या आवाजामागे मी चालत होतो. आधी आत नेलं, मग एकदम वळली आणि इकडे घेऊन आली."

"आणि शीळ?"

"तो मागून येत होता." वेंडेलने पेला खाली ठेवला. "त्याला थंडी वाजत होती, इडेल. दात वाजताना ऐकू येत होतं."

त्याच दिवशी वेंडेलने सगळ्या पिवळ्या पाट्या काढल्या. शिकाऱ्यांची कुत्री आली की तो दोरी घेऊन स्वतः आणून द्यायचा. लोक म्हणायचे, वेंडेल म्हातारपणी निवळला. तो चार वर्षांपूर्वी गेला, आपल्या अंथरुणात, शांतपणे. नवस फळाला आला हे मी रोज म्हणते. कोट मी अंथरतच राहिले. कधी नुसतं दव असायचं, कधी तो लहान खड्डा. एकदा मोठाही होता, पण एकटा. घाबरायचं कशाला? ज्याला जागा हवी आहे त्याला आपण जागा देतो, एवढंच तर आहे. माझी श्रद्धा आहे, एक दिवस ओकली आणि रूथी दोघं एकाच कोटावर सापडतील आणि मग हे थांबेल.

पण यंदा अकरा दिवस संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं, पोरी. आणि बाराव्या दिवशी तिथे कोट होता. मी तर आज सकाळी घरी आले. मी ठेवला नाही.

आता पिशवीत हात घाल. बघू नकोस, नुसतं चाचप. वरून तिसरं बटण.

...हो. तोच आकडा.

नको, परत दे इकडे, हातातून पडेल. बघ, पिशवीचा तळ ओला झालाय. काल रात्रभर तुमच्या स्वयंपाकघरात सुकत होता म्हणालीस ना?

टॉबिन कुठे आहे? किती वाजता गेला? कुणाची कुत्री ओरडताहेत ते बघायला... आणि अंगात काय होतं त्याच्या? बरं. म्हणजे त्याचा रोजचा कोट घरीच आहे, खुंटीला. न धुतलेला? देवाची कृपा.

माझी काठी दे. हा कोट मी परत ठेवते, ज्याचा आहे त्याच्यासाठी. त्याच्याशेजारी टॉबिनचा तू अंथर. अस्तर वर राहू दे. आणि अंथरताना शब्द दे, डेलिया, मी दिला होता तसा, मोठ्याने. फाटक आता तुझं आहे. माझे गुडघे आता चिखलात टेकत नाहीत, तुझे टेकतील. रोज, हंगाम सरेपर्यंत, उजेड असताना. आणि सकाळी ऊन लागेपर्यंत उचलू नकोस, कुणी त्याच्यावर निजलेलं दिसलं तरी.

चल. अजून थोडा उजेड आहे.