त्याच्या वाट्याची ओळ

हेडफोनचा डावा कान मुका झाला म्हणून ती दुरुस्तीच्या दुकानात शिरली. बाहेर सकाळपासून चिकट भुरभुर चालू होती. काउंटरमागच्या तरुणाने वायर दिव्यापुढे धरली, बोलण्याआधी छातीत अडखळून श्वास घेतला. हा श्वास तिला पाठ होता!

ती वृत्तवाहिनीत आवाज कापायची. ऑफिसात तिला सगळे कात्रीच म्हणत. पालिका वस्ती पाडायला निघाली म्हणून तिथले लोक चौकात गात बसले होते, आणि वरून सांगणं होतं – आरडाओरडा ठेवायचा, गाणं उडवायचं. बातमीत त्यांचं नाव 'कीड'. गाणाऱ्याने श्वास घेतला की हिने कात्री चालवायची. चेहरे दिसतच नव्हते, त्यामुळे हातही अडत नव्हता.

"काय ऐकता एवढं?" त्याने विचारलं.

"कचरा," ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

हेडफोन बरा झाला तरी तिचं जाणं थांबेना. आज चार्जर, उद्या रेडिओ...

"तुमच्या घरी वस्तू फार लवकर दगावतात," तो हसू दाबत म्हणाला.

"तुमचं दुकान चालावं म्हणून मारते मी."

मग एकदा त्याने गाण्याचं सांगितलं. चौकातल्या प्रत्येकाची त्यात एक ओळ. कुणा म्हाताऱ्याला उन्हात शिंका येतात, कुणी झोपेत हसतं. आपली ओळ मात्र आपण गायची नाही, आपल्या माणसाने गायची. लाठी उगारणाऱ्याला कळायला हवं, समोर कोण आहे ते.

"आणि तुमची ओळ?"

"मला कोण आहे गायला?"

तिच्याने राहवेना. बातमीतून हे गाणं उडवणारी कात्री आपणच, हे तिने सांगून टाकलं. त्याने पेचकस खाली ठेवला.

"म्हणजे म्हाताऱ्याच्या शिंकासुद्धा तुम्ही ठेवल्या नाहीत," एवढंच म्हणाला.

त्यानंतर ती दुकानाच्या रस्त्याने गेली नाही. कामावर मात्र तोच श्वास रोज कानात यायचा, आणि रोज ती कापायची. स्वतःची चीड यायची, तरी कापायची.

एका संध्याकाळी चौकातून थेट आवाज येत होता. तो अडखळता श्वास आला... मग धप्प. पुढची ओळ आलीच नाही. साहेब मागून म्हणाले, गोंगाट वाढव. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि धावत सुटली.

चौकात पोलिसांची गाडी उभी होती. जाळीमागे तो, ओठ फाटलेला. तिला गाता कुठे येत होतं! तरी भर गर्दीत तिने तोंड उघडलं – एक जण बोलण्याआधी श्वासात अडखळतो, मेलेले रेडिओ जिवंत करतो, तो माझा आहे...

हळूहळू बाकीच्यांनी ओळ उचलली. इंजिन सुरू झालं. जाळीमागून तो श्वास तिला ऐकू आला.

"सूर चुकला तुझा," तो कसाबसा म्हणाला. "परत घे."

तिने परत घेतली. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी ती गातच होती.