पेवाच्या तोंडाशी

डोणगावच्या बाजारात मी वांगी निवडत होते आणि एक उंच माणूस खुशाल माझ्याच टोपलीतली वांगी उचलत होता. "ओ, माह्यी टोपली हाये ती," मी म्हटलं. तो इतका लाजला, की स्वतःची वांगीही माझ्याच टोपलीत टाकून निघाला. पुढं त्याच शालिग्रामरावांचं स्थळ आलं. बिजवर म्हणून आई रडली. मी मात्र मनातून हरखले होते, खोटं कशाला बोलू?

नवं राज्य झालं त्याच वर्षी मी धामणगाव बढ्याच्या गढीत नांदायला आले. मातीच्या जाडजूड भिंती, भरदुपारी काळोख. आणि तो लाजरा माणूस कुठं गेला कुणास ठाऊक! माझ्याकडे चोरून बघायचे, नजरेला नजर भिडली की मान फिरवायचे. मागच्या खोलीत मात्र मला पाऊल टाकू देत नव्हते. "तिकडे नाही जायचं," एवढंच.

"काऊन?" मी तानुबाईला विचारलं. गढीतली जुनी मोलकरीण ती. पीठ मळतामळता म्हणाली, "पहिल्या मालकीणबाई तिथंच मेल्या. पेवात. मालकानंच उतरवलं त्याईले."

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, विहिरीसारखं खोल. त्या दिवसापासून ते जवळून गेले तरी मी भिंतीला चिकटायची. आणि मेलं मन असं, की त्यांच्याच पावलांची वाट बघायचं.

घरातली ज्वारी संपली तेव्हा त्यांनीच मला त्या खोलीत बोलावलं. पेवाचं झाकण काढलेलं, आंबूस वास सुटलेला... आणि त्यांच्या हातात दोर. मी उंबऱ्यातच थांबले.

"ये ना."

"तुम्ही तिले मारलं का?" तोंडून निघूनच गेलं.

त्यांनी दोर मुठीत आवळला. "हो... तसंच म्हण. पेव उघडलं की दिवसभर हवा लागू द्या लागते, मंग कंदील सोडून पाहा लागते. विझला तर आत जीव घुसमटते, उतरायचं नाही. मले माहीत होतं. पण पाहुणे दारात, मजूर वावरात... मी म्हटलं, जाय, काही होत नाही. ती हासत उतरली." त्यांनी पेवाकडे पाहिलं. "तवापासून कोणी मजूर उतरत नाही. आज मीच उतरतो."

दोराचं एक टोक कमरेला बांधून दुसरं त्यांनी माझ्या हाती दिलं. दुसऱ्या दोरीनं कंदील खाली सोडला. थोडा गेला... आणि विझला.

तरी त्यांनी पाय कडेवर ठेवला. मला कळलं, हा माणूस ज्वारीसाठी उतरतच नव्हता. मी माझ्याकडचं टोक स्वतःच्या कमरेला करकचून आवळलं.

"काय करून राह्यली तू?"

"गाठ मारून राह्यली. आता उतरा. मीबी येईन मागं."

"वेडी झाली का, रुख्मिणी?"

"हो. तुमच्यापायी."

त्यांनी पाय मागं घेतला आणि मटकन खाली बसले. मी त्यांचा हात धरला. "मले भेव लागते," ते म्हणाले, "तुले जीव लावायचं."

"ज्वारी शेजारून आणू," मी म्हटलं. "पण जीव लावा."

ते माझ्याकडे बघत राहिले. या वेळी मान फिरवली नाही.

दोन्ही गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या, की आम्हाला सुटेनात. शेवटी तसेच, एका दोरात, आम्ही स्वयंपाकघरात विळी शोधायला गेलो. तानुबाईनं पाहिलं आणि हसू लपवायला तोंडाला पदर लावला.