उजवीकडून पहिली

शेवटचा साधा दिवस म्हणजे १९८३च्या ऑक्टोबरातला एक सोमवार. देवळालीच्या रस्त्यावरच्या एका निवासी शाळेचं मैदान माझे वडील, हनीफ मिस्त्री, तेवीस वर्षं राखत होते. शाळेचा ट्रॅक्टर जुनाट होता. त्याच्या पोटाखाली गवत कापायच्या पात्यांची चपटी लोखंडी पेटी होती. अब्बा तिला डेक म्हणत. त्या दिवशी मधलं पातं अडकलं म्हणून त्यांनी शेडमध्ये डेक खोलला. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते आणि त्यांचे दोस्त, अंबडच्या कारखान्यातले फिटर निवृत्तीकाका, गोणपाटाशी उकिडवे बसले होते.

"हनीफ, तुझा ट्रॅक्टर तुझ्याहून म्हातारा झाला रे," काका म्हणाले.

"पण कुरकुर तुझ्यापेक्षा कमी करतो," अब्बा म्हणाले. मग मला, "बेटा, त्या चकत्यांना हात नको लावू. ओळीत ठेवल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी ओठांशी नेताना अब्बा गेले.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि शाळेचा निरोप आला. शनिवारपर्यंत डेक चालला नाही तर ट्रॅक्टर भंगारात. अब्बांच्या हातचं शेवटचं काम असं अर्धवट तोलकाट्यावर चढावं, हे मला सोसणार नव्हतं. मी रजा घेतली, काकांनीही घेतली. शेडचं कुलूप उघडलं तर शिपायाने झाडलोट करताना पाचही चकत्या एका डब्यात टाकल्या होत्या.

त्या पातं फिरवणाऱ्या दांड्यावर एकावर एक बसतात. दिसायला सारख्याच, जाडीत केसाएवढा फरक. एक जरी चुकीच्या जागी गेली तरी पातं पेटीला घासतं.

बुधवारभर आम्ही क्रम बदलत राहिलो. दर वेळी बोल्ट आवळायचे, पट्टा चढवायचा, इंजिन सुरू करायचं. दर वेळी तोच दात शिवशिवणारा खरखराट. माझ्या बोटांची सालटी निघाली. काकांनी पाना भिंतीवर फेकला. संध्याकाळी चकत्या रॉकेलच्या डब्यात बुडवून मी कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी चकत्या गोणपाटावर ओळीत मांडलेल्या होत्या. पुसून कोरड्या केलेल्या.

"बरं केलंस पोरी, मांडून ठेवल्यास," काका म्हणाले. मला वाटलं, त्यांनीच कधीतरी ठेवल्या असतील आणि आता माझी थट्टा करताहेत. त्यांनी डावीकडून एकेक उचलून बसवली. पातं पहिल्या फेरीतच अडकलं.

"लय झालं!" काका ओरडले. "हे मशीन नाय, माझ्या सासूचा आत्मा हाय."

त्या संध्याकाळी मी स्वतः डब्याला झाकण लावलं, वरून सुतळी बांधली. काका बाहेर सायकलीला टेकून उभे होते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

शुक्रवारी सकाळी सुतळी गुंडाळून झाकणावर ठेवली होती. चकत्या गोणपाटावर, कालच्याच क्रमाने.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

"तू नाय ना?"

"नाही काका."

ओळ डाव्या टोकाला जराशी खाली झुकली होती. उजवीकडे ठाम सुरू झालेली आणि डावीकडे जाता जाता दमलेली. अब्बांची किराण्याची चिठ्ठी अशीच असे.

"काका, उजवीकडून," मी म्हणाले. "अब्बा मालेगावच्या उर्दू शाळेत शिकले. ते सगळं उजवीकडून मांडत."

"आयला," काका हळूच म्हणाले. "अन् मी डावीकडनं वाचतोय." मग चकती उचलता उचलता म्हणाले, "तुला तर येत असंल की उर्दू. हनीफ आमच्या सगळ्या कारखान्याला सांगायचा, पोरगी पुण्यात शिकायला होती, माझं एकूण एक पत्र वाचायची."

मी पाना शोधायला वळले.

या वेळी चकत्या बसल्या. पातं मऊ आवाजात फिरलं. काकांनी डोळे पुसले, बाहीला ग्रीस लागलं, आणि ते ट्रॅक्टर घेऊन मैदानाकडे गेले. दुपारचे बारा वाजले होते. कापल्या गवताचा वास शेडपर्यंत आला.

मी हत्यारं गोळा करायला बाकाकडे गेले. बाकावरचा पत्रा मी सकाळीच पुसला होता.

त्यावर ग्रीसमध्ये बोटाने लिहिलेली एक ओळ होती. उर्दूत. डाव्या टोकाला जराशी खाली झुकलेली.

ट्रॅक्टर लांब, मैदानाच्या दुसऱ्या कडेला होता.

मी बघत असतानाच डाव्या टोकाला आणखी एक अक्षर उमटलं. मग एक नुक्ता, अक्षरावरचं टिंब. मग काहीच नाही. कोणी उत्तराची वाट पाहावी तसं.

"अब्बा," मी म्हणाले. माझा आवाज पत्र्याच्या छपराला लागून परत आला. "मला हे वाचता येत नाही. पुण्यालाही येत नव्हतं. खोलीतल्या मुलींना विचारायची लाज वाटायची. तुमची पत्रं मी कधी फोडलीच नाहीत."