चुन्याचं अस्तर

मूर्तीच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढं एक छिद्र होतं. कडा स्वच्छ. आतली भिंत पांढरी.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पांढरीच.

मी लाकूड तपासते. संग्रहालयं आणि विक्रेते आफ्रिकेतली कोरीव शिल्पं आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात. झाड कोणतं, शिल्प खरंच वापरातलं आहे की गेल्या वर्षी कोरून जुनं केलेलं, हे मी सांगते. त्यात छिद्रांचा मोठा उपयोग होतो. नकली शिल्पाला ड्रिलने छिद्रं पाडतात, ती सरळ जातात. भुंगेरा मनाला येईल तसा वळत जातो आणि पिठासारखा भुसा मागे ठेवतो. पण कुठलाही भुंगेरा आपल्या घराला चुना लावत नाही.

त्या दुपारी मी वहिनीच्या बाहेरच्या खोलीत होते. दादा जहाजावर इंजिनिअर होता. आफ्रिकेतल्या बंदरांतून त्याने आणलेली शिल्पं तिथल्या शोकेसमध्ये होती. जहाज बुडून चौथं वर्ष चालू होतं. तो सापडला नव्हता. भाची आईला कायमची आपल्याकडे बोलावत होती. वहिनी हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. दारावर अजून दादाच्या नावाची पाटी होती. ती काढून मी निघून गेले, तर ते आल्यावर कुणाचं दार वाजवतील, एवढंच ती एकदा म्हणाली होती. शेवटी भाचीने मला गळ घातली, आत्या, निदान शिल्पांची किंमत तरी काढून ठेव.

मुखवटा विकण्यासाठीच केलेला निघाला. आतल्या बाजूला नाक-कपाळ घासल्याची खूण नव्हती. तो कुणी कधी घातलाच नव्हता. छोटं स्टूल मात्र अस्सल होतं. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. संग्रहालय आनंदाने घेईल, असं मी म्हटलं. त्यावर उभं राहून आपण माळ्यावरचे डबे काढतो, असं वहिनीने शांतपणे सांगितलं.

प्रत्येक वस्तूला मी स्टेथोस्कोप लावत होते. आत अळी जिवंत असेल तर कुरतडणं ऐकू येतं. दादा याची फार थट्टा करायचा. हिला पाट बसायला दिला तरी आधी त्याची नाडी बघेल, म्हणायचा.

उरली होती ती छिद्राची मूर्ती, वीतभर उंचीचा पुरुष. हलकं, फिकट लाकूड, वरून काळं बूट पॉलिश. बाजारात किंमत शून्य. पण तो जोडीतला होता. कोरणाऱ्याने एकाच फांदीतून बाई आणि पुरुष काढले होते. बाई दादाच्या खिशात असायची. पुरुष त्याने वहिनीला दिला होता, मी घरीच आहे असं समज म्हणून.

छिद्रात मी आम्लाचा बारीक थेंब सोडला. फेस आला. म्हणजे चुनाच.

लाकूड पोखरून आत चुन्याची नळी बांधणारा एकच प्राणी मला ठाऊक आहे. शिंपल्याच्या कुळातला, अळीसारखा लांब. जुनी लाकडी जहाजं त्यानेच खाल्ली. बाहेरून लाकूड धड दिसतं, आतून चाळण झालेली असते. तो फक्त खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लाकडात जगतो. कोरड्यावर मरतो.

आणि इथून समुद्र आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर आहे.

मूर्ती हातात पोकळ लागत होती. मी ती उभी धरली. छिद्रातून पाणी माझ्या तळव्यावर ओघळलं. गार. मी जिभेला लावलं.

खारट.

"ही कधी बाहेर नेली होती का?" मी विचारलं.

"नाही."

"धुतलीस?"

वहिनी उठली. शोकेसमधून मूर्तीखालचा कागद तिने काढून दाखवला. तो भिजून मऊ झाला होता. "रोज बदलते मी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"जहाज बुडाल्याचा फोन आला ना, त्याच्या आदल्या दिवसापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू कारण शोधलं असतंस, वन्सं." ती मला वन्सं म्हणायची ती चिडवायला. आज चिडवत नव्हती. "ओलं आहे तोवर ते कुठेतरी आहेत, असं मी धरून चालले होते."

ती कुठे आहे, हे आता मला कळलं होतं. जोडीतली ती बाई, समुद्राच्या तळाशी. आणि ज्या खिशात ती असायची, तो खिसा. सवयीने मी मूर्तीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

कुरतडणं नव्हतं. फार खोल, फार मोठ्या पाण्याची एक संथ घरघर होती.

मी नळ्या कानातून काढल्या. वहिनीने त्या घेतल्या आणि स्वतःच्या कानात घातल्या.

ती ऐकत राहिली.

"हं," ती म्हणाली.

मग थोडं थांबून, "हं."

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, मान हलवून, "हं."

दादाचा जहाजावरून फोन आला की ती अशीच बोलायची.

तिने नळ्या काढल्या, नीट गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मूर्ती जागेवर ठेवली. खाली नवा कागद घातला नाही.

"स्क्रूड्रायव्हर घे, वन्सं," ती म्हणाली. "पाटी काढू या."