भानुमतीबाईंचा डबा

केमो सुरू होण्याआधी काय काय करायचं त्याची यादी मी स्वतः केली. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेली दाढ काढून घेणे, केस कानापर्यंत कापणे, मऊ ब्रश, थर्मामीटर, उकळलेलं पाणी, कच्ची कोशिंबीर बंद, बाहेरचं खाणं बंद. शेवटच्या ओळीखाली माझ्या नवऱ्यानं, उन्मेषनं, 'सराफा बंद' असं लिहून दोन रेघा मारल्या. सराफा म्हणजे आमची रात्रीची खाऊगल्ली; इंदूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

मी सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकवीस वर्षं झाली. शेवेचा प्रत्येक घाणा बाजारात जाण्याआधी माझ्या जिभेवरून जातो. मशीन आहेच, पण मीठ जरा जास्त पडलं तर मशीनच्या आधी मी सांगते. माझ्या जिभेला हाड नाही असं उन्मेष म्हणतो, ती गोष्ट वेगळी. त्याच जिभेवर आमचं घर निम्मं चाललं आहे.

छातीतली गाठ ऑपरेशननं निघाली होती. आता दर एकवीस दिवसांनी एक, अशा चार केमो. केस जातील, उलट्या होतील, ताप आला तर लगेच फोन करायचा, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं. मग फाइल मिटता मिटता म्हणाले, "मुँह का टेस्ट भी थोड़ा बिगड़ेगा. घबराइए मत, चार-छह महीने में आ जाता है."

खरं सांगायचं तर गाठीइतकीच भीती मला या वाक्याची वाटली. आणि नाहीच आलं तर? बिनजिभेच्या शलाकाला कारखान्यात कोण ठेवणार?

म्हणून मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त केला. लॅबमधून चार छोट्या बाटल्या आणल्या: साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाच्या सत्वाचं आंबट पाणी आणि एक कडू पाणी. प्रत्येक केमोच्या आदल्या संध्याकाळी उन्मेषनं मला डोळे मिटायला लावून चमचा चमचा द्यायचं, मी ओळखायचं आणि निकाल वहीत लिहायचा. पहिल्यांदा चारही बरोबर आल्या. "पास," उन्मेष म्हणाला.

हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये आठ मोठ्या खुर्च्या होत्या. मला खिडकीजवळची मिळाली. शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या भानुमतीबाई. मानपुरहून बसनं यायच्या. डोक्यावर पदर, आणि सुयांनी हाताच्या शिरा काळ्या पडलेल्या. आमच्या दोघींच्या मध्ये एक पांढरं स्टूल होतं. माझ्या नळीतून लाल औषध उतरायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"पहिलंच आहे ना? तरीच तू नळीकडे बघते आहेस. बघायचं नाही. माझं तिसरं."

"त्रास होतो का फार?"

"उलट्यांचं काय, त्या थांबतात. पण तोंडाची चव गेली ग. बिलकुल गेली. सब मिट्टी. नातवानं इतक्या हौसेनं मावाबाटी आणली, एवढी गोड मिठाई, मला वाटलं कागद चघळते आहे." मग पिशवीतून त्यांनी एक छोटा स्टीलचा डबा काढला. झाकणावर त्यांचं नाव टोचून घातलेलं होतं. "जी मिचलावलं की ही चघळ. आवळासुपारी आहे, घरची. दुकानची नी." इंदूरकडे 'नाही'चं 'नी' होतं. "डबा पुढच्या वेळी दे मला."

"देते ना."

"रिकामा नको हं देऊ," त्या हसत म्हणाल्या.

"रिकामा कसा देईन?" मी म्हटलं.

आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकायची. माझ्या आईनं मला शिकवलं, मी माझ्या लेकीला, अबोलीला शिकवलं. सुपारी मात्र खरोखर उपयोगी पडली. दुसऱ्या केमोआधी चाचणीत मी पुन्हा पास झाले, आणि डबा घासून त्यात खडीसाखर भरली.

त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती. येतील उशिरा, असं म्हणून मी डबा मधल्या स्टुलावर ठेवला. औषधाच्या आधी एक इंजेक्शन देतात, त्यानं झोप येते. जाग आली तेव्हा डबा माझ्या उशीपाशी होता. उघडला तर काठोकाठ आवळासुपारी. खडीसाखरेचा खडासुद्धा नाही. डबा कोमट होता, बराच वेळ कुणी मांडीवर धरून बसल्यासारखा. म्हातारी येऊन गेली आणि मला उठवलंही नाही, असं वाटून मला वाईट वाटलं.

दुसऱ्या केमोनंतर मला गोड नकोसं झालं होतं, चहासुद्धा मी बिनसाखरेचा घेत होते. तिसऱ्या केमोच्या आदल्या संध्याकाळी उन्मेषनं चमचे दिले. खारट, कडू, आंबट मी पटापट सांगितलं. मग एक चमचा आला.

"हे साधं पाणी आहे. फसवतो आहेस का?"

त्यानं बाटली माझ्यासमोर धरली. ते साखरेचं पाणी होतं. मी उठून स्वयंपाकघरातल्या बरणीतली साखर मूठभर तोंडात टाकली. वाळू. नुसती वाळू.

केमोनं चव बिघडते, हे मला ठाऊक होतं. पण ती सगळीच बोथट होते. बाकीच्या तीन चवी मला पूर्वीइतक्याच लख्ख कळत होत्या. मी वहीत लिहिलं: गोड शून्य, बाकी उत्तम. डॉक्टर म्हणाले, "होता है."

तिसऱ्या वेळी डब्यात मी मुरलेलं लिंबाचं लोणचं भरलं. तोंडाची चव गेलेल्या माणसाला ते बरं वाटतं. शेजारची खुर्ची तशीच रिकामी. झोप, जाग, उशीपाशी कोमट डबा, आणि त्यात ताजी सुपारी. उन्मेष काचेपलीकडेच बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, नर्सशिवाय कुणीच आलं नाही.

गाडीत बसल्यावर मी सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकला. आवळा आंबट लागेना.

घरी बाटल्या काढल्या. आंबट शून्य. खारट आणि कडू तेवढी शिल्लक. वहीत मागची पानं उलटली तेव्हा माझा हात थांबला. आधी साखर दिली, आता लोणचं.

दुसऱ्या दिवशी मी डे केअरच्या मधुरिमा सिस्टरना फोन केला.

"भानुमती अम्मा? वो तो दीदी, आपकी पहली वाली के बाद आई ही नहीं. बेटा आया था, फाइल ले गया."

त्यांच्याकडून मुलाचा नंबर घेतला. यशवर्धन, मानपुरला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. भला माणूस. मी कोण ते सांगितल्यावर मोकळेपणानं बोलला.

"आई गेली ना ताई. त्या केमोच्या नवव्या दिवशी."

म्हणजे माझ्या दुसऱ्या केमोच्या बारा दिवस आधी.

"दहाव्याला कावळा नी शिवला," तो म्हणाला. "दोन घंटे बसलो पिंड मांडून. भात, वडे, मावाबाटी, सब ठेवलं. घरचे एकेक जण हात जोडून बोलले, हे करू, ते करू. कावळे झाडावर बसून बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"त्यांचं काही राहिलं होतं का?"

"काय राहणार? एकच तक्रार होती. तोंडाला चव नाही."

मी म्हटलं, त्यांचा एक डबा माझ्याकडे आहे, पाठवून देऊ का? तो म्हणाला, आता कशाला ताई, तुम्हीच वापरा.

मी भूतबीत मानत नाही. पण वहीत जे होतं ते माझ्याच अक्षरात होतं. दुसऱ्याचं भांडं फेकवत नव्हतं आणि घरात ठेवणं तर शक्यच नव्हतं. शेवटी ठरवलं, डबा परत करायचा, पण रिकामा. शब्द मोडायचा. मीठ ओळखणारी जीभ तरी वाचेल. तिच्यावर मला भाकरी मिळते. डबा घासला, उन्हात वाळवला, झाकण लावलं. आईची आठवण येऊन मला शरम वाटली, तरी आत काही टाकलं नाही.

चौथ्या केमोला उन्मेष शिकवतो त्या कॉलेजात परीक्षा होती, म्हणून अबोली माझ्याबरोबर आली. वीस वर्षांची आहे, पण त्या दिवशी माझी आई झाली होती. पाणी घे, शाल घे, मोबाइल ठेव. शेवटची केमो म्हणून तिला आत बसू दिलं. पिशवी तिच्याकडेच होती. "तो डबा स्टुलावर ठेव," एवढंच मी म्हटलं. बाकी तिला काय सांगणार? झोपेचं इंजेक्शन चढायला लागलं होतं.

जाग आली तेव्हा अबोली खुर्चीत मान टाकून झोपली होती.

स्टूल रिकामं होतं. उशीपाशी काही नव्हतं.

डबा गेला होता.

मी रडले. सिस्टर मधुरिमांना वाटलं, केमो संपली म्हणून. तेही होतंच. घरी येऊन मी आधी मिठाचं पाणी चाखलं. खारट. लख्ख खारट. इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

सकाळी उन्मेषनं घरीच पोहे केले, म्हणजे मलाही खाता येतील. वर आमच्याच कारखान्याची शेव. तिघं टेबलाशी बसलो. अबोलीनं दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"बाबा, नमक नी टाकलं?"

"टाकलं की."

"अरे यार, बिलकुल नाहीये." तिनं शेवेची चिमूट तोंडात टाकली. चावली, थांबली. "शेव पण अशीच लागते आज."

माझा घास हातातच राहिला.

"अबोली, काल त्या डब्यात तू काही टाकलं होतंस?"

"हो मग. तू विसरलीस ना, एकदम रिकामाच होता. बरं दिसतं का ते? बॅगेत माझी शेव होती, ती भरली." ती माझ्याकडे बघून हसली. "तूच तर शिकवलंय."

मी हात लांब करून तिच्या बशीतले चमचाभर पोहे तोंडात घातले. सावकाश चावले, कारखान्यात चावते तसे.

मीठ अगदी बरोबर होतं.